कामठीले गेलेला माणूस

आजकाल मी कूलरची टाकी दुपारीच काठोकाठ भरून ठेवतो. काहून, ते ऐका.

मागच्या शनिवारी शेजारच्या वानखेडे काकांच्या रिटायरमेंटचं जेवण होतं, त्यांच्याच गच्चीवर. मी आधीच सांगून टाकलं, "काका, आम्ही सगळे कामठीले चाललो, सासरी." बायको-पोरं खरंच गेली. मी मात्र घरीच थांबलो, कारण माझ्या सीरियलचा त्या दिवशी दोन तासांचा एपिसोड होता.

संध्याकाळी लाइट बंद ठेवून टीव्ही लावला. कूलरच्या घरघरीत काही ऐकू येईना, म्हणून आवाज वाढवला, मग आणखी वाढवला. सासूनं विष घातलेलं दूध सुनेनं हातात घेतलं, तसा मी ओरडलोच, "अवं, नको पिऊ वं ते दूध!"

तेवढ्यात खिडकीबाहेर कूलरच्या टाकीत पाण्याची धार पडायले लागली. पाहतो तर पाइप धरून वानखेडे काका उभे. अंगात नवा सफारी, गळ्यात सत्काराचा हार तसाच.

"टाकी सुकली होती गा," काका जाळीतून म्हणाले. "पंप कोरडा चालून राहिला होता. वरपर्यंत आवाज येत होता. जळला असता."

"काका, मी ते... कामठीले..."

"राहू दे. तुझं ताट झाकून ठेवलं आहे, पाठवतो."

मी घाईनं टीव्हीचा आवाज बंद केला. काका पाइप गुंडाळत दोन पावलं गेले अन् परत आले.

"फक्त एक सांग गा. गच्चीवर सगळे जेवायचे थांबले आहेत. सुनेनं दूध पिलं काय?"