मुलीला न्यायला

भाऊ : ...आता हे ऐक. ‘आमच्या आईने अख्ख्या नोकरीत एकाही मुलावर हात उगारला नाही.’ बरोबर ना, ताई?

ताई : वर्गातल्या मुलांवर नाही. आपल्यावर उगारला की.

भाऊ : उद्या शाळेत तिची शोकसभा आहे. तिथे हे बोलायचं?

ताई : नको बोलूस. विचारलंस म्हणून सांगितलं. आणि ‘आई’ काय लिहिलंयस? जन्मात कधी आई म्हणालास तिला?

भाऊ : कसा म्हणणार? तिच्याच वर्गात होतो. शाळेत बाई, मग घरीही बाईच.

ताई : तुझं ठीक होतं. माझ्या पेपरात मार्क कमीच पडायचे. लोक म्हणायला नकोत ना, बाईंची मुलगी म्हणून दिले.

भाऊ : बरं, पुढे. ‘अखेरपर्यंत तिची स्मरणशक्ती तल्लख होती.’

ताई : हे कोणी सांगितलं तुला?

भाऊ : दर रविवारी फोनवर बोलायची की माझ्याशी! नाव घेऊन, सुनेची चौकशी करून.

ताई : त्याआधी मी तिच्याकडून घोकवून घ्यायचे. हा तुमचा मुलगा, हे त्याचं नाव, ही त्याची बायको. फोन ठेवला की मला विचारायची, ‘कोण होता हो तो माणूस?’

भाऊ : ...मला का नाही सांगितलंस?

ताई : सांगितलं होतं. तू म्हणालास, वय झालंय, चालायचंच.

भाऊ : इतकं असेल असं नाही वाटलं गं.

ताई : अंघोळ घालताना चावायची. हा दंड बघ. मी कधी कामवाली, कधी घरात शिरलेली चोर. शेवटच्या दुपारी मात्र तिला मी शाळेतली मुलगी वाटले. म्हणाली, ‘शाळा सुटली ना? तुला न्यायला कोणी आलं नाही?’ म्हटलं, नाही आलं.

भाऊ : मग?

ताई : मग आडवी व्हायलाच तयार नाही. अंगात ताप, धाप लागलेली, आणि पलंगावरून पाय खाली सोडून बसली. ‘तुझी आई येईपर्यंत मी थांबते.’ माझा हात घट्ट धरून. डॉक्टरांनी तर बजावलं होतं, उठू देऊ नका. शेवटी हात सोडवला, मागच्या दारानं बाहेर गेले, डोक्यावरून शाल घेतली आणि पुढचं दार वाजवलं.

भाऊ : तिची विद्यार्थिनी तूच, आणि तिची आईही तूच?

ताई : काय करणार? म्हटलं, ‘बाई, मुलीला न्यायला आले.’ असं झापलं मला! ‘अहो, ही काय वेळ झाली? पोर केव्हाची दाराकडे डोळे लावून बसलीय!’

भाऊ : तोच आवाज असेल.

ताई : अगदी तोच. पण तेवढ्यानंच दमली. मी टेकवलं तिला, उशी सारखी केली. तर हळूच म्हणाली, ‘मुलगी चांगली आहे हो तुमची. बोलत नाही, पण सगळं मनाला लावून घेते. माझ्याकडून तिचं कौतुक करायचं राहून गेलं. तुम्ही करा.’

भाऊ : ताई...

ताई : मग डोळे मिटले. पुन्हा उघडले नाहीत. तुला फोन केला तो त्यानंतर.

(भाऊ हातातल्या कागदाची घडी घालतो.)

भाऊ : तू काय म्हणालीस तिला?

ताई : काय म्हणणार? म्हटलं, ‘हो बाई. करीन.’