तिन्ही वेळा

शिवणकाम करणाऱ्या बाईंची दाढ ठणकत होती, पण कान शाबूत होते. दवाखान्याच्या बाकावर त्यांच्या शेजारी पिकल्या मिशांचा एक गृहस्थ गाल धरून बसला होता. त्याच्या ऑफिसातली एक तरुण मुलगी सोबत आली होती.

"काका, आपली वेबसाइट चालवणारा वेब सर्व्हर मी काल क्लस्टरमध्ये नोंदवला. आता चार मशीन मिळून त्याला सांभाळतील. बंद पडला तर आपोआप चालू करतील. तुम्ही धावत यायला नको."

"मी कधी तक्रार केली होती?"

"नाही, पण नऊ वर्षं तुम्हीच..."

"नऊ वर्षं तो पडला की पहिला फोन मला. लेकीच्या बाळंतपणातसुद्धा आला होता."

"म्हणूनच तर."

"तुझं ते क्लस्टर त्याच्याकडे बघतं तरी का?"

"दर तीस सेकंदांनी विचारतं, बरा आहेस ना म्हणून."

"एवढे लाड मी नाही केले कधी. बिघडेल तो."

"आज सकाळी तो तीनदा बंद झाला, काका."

"बघ. मी म्हणत नव्हतो?"

"तिन्ही वेळा क्लस्टरने चालू केला. शेवटी तर शेजारच्या मशीनवर नेऊन. कुणाला पत्ताही लागला नाही."

"मग तुला कसा लागला?"

"नोंद राहते. कुणी बंद केला, त्याचीसुद्धा."

आतल्या खोलीत दात कोरायचं यंत्र घरघरलं आणि थांबलं.

"फोन हातात घेऊन बसलो होतो गं," तो म्हणाला. "तिन्ही वेळा."