शिफ्ट दाबला की ळ

नाही नाही, उठू नका मावशी, बसा — ही तुमची गाडी नाही, ही नागपूरकडे चालली, तुम्हाला तर वर्ध्याला जायचंय ना, अन् तिथून आर्वीवरून तळेगाव — तुम्हीच ना कोकिळाबाई? कोकिळाबाई भोयर? सकाळी दवाखान्यात आला होता, खिडकीवरून औषध घेतलं, प्रमिलाबाईकडून — हो ना? मग बरोबर. तुमच्याकडेच आले मी. मी हर्षा, त्याच दवाखान्यात असते, कॉम्प्युटर पाहते — नाही, डॉक्टर नाही, डॉक्टर असते तर बरं झालं असतं — दम? तो स्कूटी जोरात चालवली म्हणून. विशेष काही नाही, सहजच आले. ते, तुमचं वजन करायचं राहिलं, म्हटलं परत घेऊन यावं, मागे बसा, लगेच आणून सोडते तुम्हाला या फाट्यावर — केलं? वजन केलं? बरं, केलं असेल. मग असं करा, ती गोळ्यांची पुडी दाखवा जरा. ही. हीच. यातली अजून घेतली नसेल ना तुम्ही? घरी जाऊन, जेवूनखाऊन, मग घेतो माणूस —

घेतली. कुठं? दवाखान्याच्या नळावर? तिथल्या तिथं? अहो पण इतकी काय घाई — हो, खरं आहे, प्रमिलाबाई म्हणाली जेवणाआधी घ्या, म्हणून तुम्ही घेतली, सांगितलेलं ऐकता तुम्ही, चांगलं आहे, सगळ्यांनी ऐकायला पाहिजे. एकच ना? एकच. आणि मग जेवल्या असाल. प्रमिलाबाई म्हणत होती, तुमची लेक नलू इथंच असते, तिनं डबा दिला असेल, लेकीच्या घरून कोणी उपाशी निघते का — संकष्टी? आज संकष्टी आहे? म्हणजे चंद्र निघेपर्यंत — म्हणजे सकाळपासून काहीच नाही? साबुदाणा, केळं, काही? भैय्याजी! ओ भैय्याजी, एक चहा टाका लवकर, साखर भरपूर, जितकी मावते तितकी — माझ्यासाठी नाही, मावशींसाठी. अहो, उपासाला चहा चालतो मावशी, सगळ्या बाया घेतात. तुम्ही नाही घेत? नवस आहे? नलूचं बाळंतपण सुखरूप झालं म्हणून? बरं झालं, खूप छान झालं, पण गणपती काही — मी काय म्हणते, नवस उद्या फेडा, परवा फेडा —

तुमाले घाम येऊन राह्यला का मावशी? पदर ओला झाला सगळा. अन् जानेवारी आहे, ते समोरचे लोक पाहा कसे मफलर गुंडाळून बसले. उन्हात बसल्यानं? हो, असंन. उन्हानंच असंन. हात दाखवा. कापते हा थोडासा. म्हातारपण काय म्हणता, साठीबी नसंन तुमची. चहा घ्या ना — बशीत ओतून देऊ? — कसं आहे, या गोळीची कंपनी बदलली, तर ही नवी गोळी रिकाम्या पोटी चालत नाई, त्याच्यावर गोड काहीतरी लागते, बाकी काही नाई. काऊन हसता? तुमच्या सुनेसारखी बोलते मी? आधी वजन, मग कंपनी — ती पण असंच करते, एक खोटं शिवायले दुसऱ्याचं ठिगळ — बरं.

बरं, ऐका. खरं सांगते. ही गोळी तुमची नाई. ही शुगरची आहे. तुमाले शुगर नाई, तुमाले प्रेशर आहे, तुमची गोळी निराळी. अन् ज्याले शुगर नाई त्यानं ही घेतली, तेबी उपाशी पोटी, तर अंगातली होती नव्हती तेवढी साखर उतरते — आधी घाम येते, हात कापते, डोळ्यांपुढं अंधारी येते, अन् मग — मग काही नाई, गोड पोटात गेलं की माणूस बरं होते, तेवढंच. म्हणून चहा. एक घोट घ्या, मग रागवा माझ्यावर.

हो, चिठ्ठीवर तुमचंच नाव होतं. प्रमिलाबाईनं मोठ्यानं वाचलं, तुम्ही हो म्हटलं, तुमची काही चूक नाई. तिचीबी नाई. कोकिळा भोयर तुम्ही आहात, अन् एक कोकिला भोयर आहेत, सेलूच्या, बांगड्यांचं दुकान आहे त्यांचं — शुगर त्यांले आहे. तुम्ही इकडं निघाल्या अन् त्या आल्या खिडकीवर. प्रमिलाबाईनं कॉम्प्युटरातून चिठ्ठी काढली अन् लागली हसायले — पाह्य वो हर्षा, म्हणे, त्याच कोकिळाबाई लुगडं बदलून परत आल्या, गोळ्या पुरल्या नाई वाटते! ती गंमत करून राह्यली होती, अन् मी चिठ्ठी हातात घेऊन दोनदा वाचली. दोन बाया अन् एकच चिठ्ठी. बाकीचं मग आपोआप समजलं मले, कोणाले विचारावं नाई लागलं.

कसं म्हणजे — घोट घ्या, सांगते. घेतला? आणखी एक. आमचा औषधाचा प्रोग्राम जुना, नागपूरच्या एका पोरानं लिहिला होता, तो कधीच दुबईले गेला. अक्षरं मराठी दिसतात पण बटनं इंग्रजीच. एल दाबला की ल. शिफ्ट धरून तोच एल दाबला, म्हणजे मोठा एल, की ळ. तर त्यांच्या फायलीचं नाव लहान एलचं, तुमच्या फायलीचं मोठ्या एलचं. जुना सर्व्हर — म्हणजे ते मोठं कॉम्प्युटर, ज्याच्या पोटात सगळ्यांच्या फायली राहतात — त्याले लहान अन् मोठा निराळा दिसे. तुम्ही दोघी इतकी वर्षं त्याच्या पोटात शेजारणी होत्या, कधी भांडण नाई. मी नवा सर्व्हर आणला, त्याची सिस्टिम नवी, अन् तिले लहान काय अन् मोठा काय, सारखंच. तिच्या लेखी तुम्ही दोघी एकच बाई.

नाई, न पाहता नाई बदललं मी! महिनाभर तेच करत होती — जुना प्रोग्राम नव्या सिस्टिमवर उघडते का, टाईप होते का, छापते का, सेव्ह होते का, दोघं जण एकदम बसले तर अडकते का. सगळं चाललं. चालते का ते पाह्यलं मावशी, वेगळं राहते का ते नाई पाह्यलं. नावं टाकून पाहायची होती तर घरचीच टाकली, माझी चुलत भावंडं — रजत, अंकिता, आचल — ळ नाई कोणाच्या नावात. अन् ळ मले नवा आहे का? बाबांनी पाचवीतच पुण्याच्या होस्टेलात टाकलं, तिथं मी शाळेले शाया म्हणे अन् डोळ्याले डोया, पोरी हसून हसून लोळत — ए शाया, इकडं ये! नावच पडलं माझं शाया. पांघरुणात तोंड घालून ळ ळ ळ करत होती मी, जीभ दुखेपर्यंत. तेव्हापासून कधी चुकली नाई. कधीच नाई. मघाशी मी तुमाले कोकिळाबाई म्हटलं, बरोबर म्हटलं की नाई? तुम्ही तर स्वतःच कोकिया म्हणता.

पाणी नका मागू, चहा घ्या. भैय्याजी, आणखी साखर टाका यात — अहो, सरबत झालं तर होऊ द्या!

बंगलोरले नोकरी होती मले. चांगली होती. कोणा परदेशी दुकानाचा हिशोब त्याच्या दुसऱ्या दुकानाशी जुळतो का ते पाहायचं, बस. अन् सुटीत मी घरी आली तर या फाट्यावर एक बाई दिसली, तुमच्यासारखीच, प्लास्टिकच्या पिशवीत चिठ्ठ्यांचा गठ्ठा, पावसानं लगदा झालेला, कोणती कशाची तिले माहीत नाई, डॉक्टर तिच्यावरच ओरडून राह्यला. मले वाटलं, हे काऊन सहन करावं हिनं? हिनं नुसतं नाव सांगावं अन् सगळं समोर यावं. नुसतं नाव सांगावं. मी सोडून आली सगळं. बाबा म्हणाले, वा, बंगलोर सोडून सेलूले कॉम्प्युटर चालवते, तेबी या भारनियमनात — कंदिलावर चालते का तुझं कॉम्प्युटर? मी म्हटलं, चालवून दाखवीन. अन् दाखवलंबी. नुसतं नाव सांगा म्हणून पाटी मीच लावली त्या खिडकीवर, माझ्या अक्षरात.

काय म्हणता? मशीनले तोंड नाई का, विचारायचं नाई का तिनं?

विचारलं होतं. तेच तर. तुम्ही बरोबर तिथंच बोट ठेवलं. फायली जुन्यातून नव्यात उतरवून राह्यली होती मी, अर्ध्यात लाईन गेली. आली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून लावलं. तर ते विचारे, या नावाची फाईल इथं आधीच आहे, तिच्यावर ही ठेवू का? मी म्हटलं असंनच, मघाशी अर्ध्या उतरल्या होत्या ना. हो. पुढची — हो. तिच्या पुढची — हो. अन् खाली एक बटन असते, सगळ्यांना हो. कंटाळा आला होता, लाईन परत जाईन याची धास्ती होती, ते दाबलं. त्याच्यात तुमचीबी वेळ आली असंन. त्यानं विचारलं असंन, हिच्यावर हिले ठेवू का? अन् मी आधीच हो म्हणून बसली होती.

चहा थंड होऊन राह्यला. काय? हळू बोलता तुम्ही, ऐकू नाई आलं — बाकीच्या?

बाकीच्या बायांचं काय म्हणता.

हो. असतीन. मंगला अन् मंगळा. निर्मला अन् निर्मळा. कमल, कमळ. लिहिणारा कधी असं लिहिते, कधी तसं, आपल्याकडं कोण विचारते — आणखी असतीन. नुसता ळच नाई, न अन् णचंबी तसंच आहे त्या बटनांवर, त अन् टचंबी — आज सेलूचा बाजार, खेड्यावरून आलेल्या सगळ्या बाया दुपारी औषध घेऊन जातात, दारापर्यंत रांग होती मी निघाली तेव्हा. नाई, बंद नाई केली खिडकी. सुरू आहे. प्रमिलाबाईले काही सांगितलं नाई मी. डॉक्टरलेबी नाई. म्हटलं, आलेच, अन् निघाली. तुमच्याशी खोटं नाई बोलत आता मी — उद्या दवाखाना चालवणाऱ्या ट्रस्टची माणसं येणार आहेत, पसंत पडलं तर आर्वीच्या अन् आष्टीच्या दवाखान्यातबी हीच सिस्टिम लावणार, माझंच नाव घेतलं त्यांनी — म्हणून मले वाटलं, ही एक बाई गाठू, गोळी बदलून देऊ, जुना सर्व्हर अजून पुसला नाई, त्यातून संध्याकाळी गुपचूप सगळं नीट करू, कोणाले काही — तुम्ही अशा पाहू नका माझ्याकडं. तुम्ही तुमचं सोडून त्यांचं विचारता. तुमाले विचारायले कोणी सांगितलं होतं?

थांबा. थांबा, लावते फोन. रेंज — आली. हॅलो, प्रमिलाबाई? मी हर्षा. खिडकी बंद करा. आत्ता. नाई, लाईन गेली नाई, मी सांगते म्हणून बंद करा, हातातली चिठ्ठीबी देऊ नका कोणाले, अन् सकाळपासून ज्या ज्या बाया औषध घेऊन गेल्या — माझी चूक झाली. माझी. मोठी. सगळ्यांसमोर सांगा तुम्ही, लाजू नका, माझं नाव घेऊन सांगा. अन् डॉक्टरांले द्या फोन — सर, मी फाट्यावर आहे, तळेगावच्या कोकिळाबाई, शुगरची गोळी गेली त्यांच्या पोटात, शुगर नाई त्यांले, उपास आहे, सकाळी, हो, नऊ-साडेनऊले — बोलतात सर, आत्ता बोलत होत्या, चहा घेतला दोन-तीन घोट, त्यांनीच मले —

मावशी?

चहा सांडला. सांडू द्या, लुगडं धुता येते. इकडं पाहा. सर, मान टाकून राह्यल्या त्या — हो — हो, ओतत नाई तोंडात, साखर गालात लावते, आतून — जीप पाठवा सर, लवकर पाठवा! भैय्याजी, साखर! डबाच आणा, अन् धरा यांले इकडून, पडतीन त्या — कंडक्टर भाऊ, जा तुम्ही, नाई येत या, घेऊन जा तुमची गाडी, बेल मारा — मावशी, तोंड उघडा थोडंसं. असं. नवस मोडत नाई, मी फेडते तुमचा नवस, दर चतुर्थीले मी उपाशी राहते. पिशवीत तिळाचे लाडू आहेत ना नलूचे, ते कोणासाठी नेऊन राह्यल्या? घरी वाट पाहत असतीन. तिळगूळ देतात अन् गोड बोला म्हणतात, तुम्ही कडू बोला मले, शिव्या द्या, पण बोला — झोपू नका. झोपायचं नाई. नाव सांगा तुमचं. सर म्हणतात, नाव विचारत राहा. नुसतं नाव सांगा मावशी. कोकिला म्हणा, कोकिळा म्हणा, कोकिया म्हणा, कसंबी म्हणा, मी ओळखते तुमाले, मी बरोबर ओळखते आता —

मावशी?