टायरचे ओले रोगण

नाव श्यामकांत मोरेश्वर तळपदे, वय एक्केचाळीस, धंदा विमा कंपनीत नोकरी, राहणार प्रभादेवी, मुंबई. तारीख १८ फेब्रुवारी १९५७.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी नलू हिच्यासह राहतो. माझ्याकडे जुनी मॉरिस गाडी आहे. समोरच्या चाळीत गिरणीकामगार बुधाजी सकपाळ व त्यांची पत्नी जाईबाई राहतात. आमचे त्यांच्याशी वाकडे नाही. जाणे-येणेही नाही.

उद्या माझे मेहुणे अच्युत यांचे लग्न असून नवरदेव माझ्या गाडीतून जाणार आहे. म्हणून टायर व खिडक्यांच्या कडेचे रबर काळेभोर करण्याचे मी मनावर घेतले होते. पूर्वी ग्लिसरीन लावून पाहिले. चकाकी येई, पण धूळ चिकटे आणि गाडी धुतली की सगळे निघून जाई. एरंडेलाने रबर चिकट झाले. बुटाच्या पॉलिशला भेगा पडल्या. शेवटी लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानदाराने दाट काळे रोगण दिले. ते महिनाभर टिकते, मात्र लावल्यावर दिवसभर गाडी हलवू नये, असे त्याने बजावले होते. काल रविवारी सकाळी मी टायर साबणाने घासून, वाळवून, फक्त बाजूंना ते लावले.

दुपारी चाळीत ओरडा झाला. बुधाजी संयुक्त महाराष्ट्राचा फलक बांधण्यास दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर चढले असता कठडा मोडून खाली फरशीवर पडले. मी फाटकातून पाहिले. मांडीतून रक्त फार जात होते. जाईबाई माझ्याकडे धावत आल्या व नवऱ्याला गाडीतून परळच्या इस्पितळात न्या म्हणाल्या. मी म्हणालो, "टायरला रोगण लावलंय. अजून ओलं आहे."

हे शब्द माझेच आहेत.

त्यांना वाटले, ओल्या टायरने गाडी चालत नसावी. त्या खाली बसल्या आणि पदराने टायर पुसू लागल्या. म्हणाल्या, "मी पुसून देते, साहेब. मंग न्याल का?" एक टायर पुसून त्या दुसऱ्याकडे गेल्या. मी त्यांना थांबवले नाही. किल्ली माझ्या खिशात होती, तीही काढली नाही. नलू ओट्यावर उभी होती. ती आत निघून गेली.

तेवढ्यात चाळीतील गुणाजी व इतरांनी हातगाडी आणली, बुधाजींना तिच्यावर घातले आणि नेले. जाईबाई मागून धावल्या. त्यानंतर मी गाडी काढली. एल्फिन्स्टनच्या पुलाजवळ त्यांना गाठले व बुधाजींना गाडीत घ्या म्हणालो. गुणाजींनी एकदा वळून पाहिले. हातगाडी कोणी थांबवली नाही. इस्पितळापर्यंत मी त्यांच्या मागून हळू गाडी चालवली.

संध्याकाळी बुधाजींचा पाय मांडीपासून कापला. उशीर झाल्यामुळे कापावा लागला काय, हे मी डॉक्टरांना विचारले नाही. जाईबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांच्या हातांचे काळे निघाले नव्हते.

बुधाजींना कोणी ढकलले नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

लिहिलेले मला वाचून दाखवले. त्यात हवालदारांनी "गाडी त्या वेळी नादुरुस्त होती" असे घातले होते. ते मी खोडावयास सांगितले व तेथे "गाडी चालू स्थितीत दारात उभी होती" असे लिहविले. आता बरोबर आहे. खाली सही करतो.