त्या आईचा राग

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या. त्यांच्या आईला मघाशीच आत नेलं होतं. थोरलीच्या मांडीवर एक कादंबरी होती.

“आजारी आईला सोडून ती त्याच्याबरोबर निघून जाते, आणि वर सुखी होते! मला नाही पटलं.”

“सुखी कुठं, ताई? जन्मभर तिचं मन तिला खात राहतं. मला तर रडू आलं.”

“तुला येणारच. तू लग्न करून सुटलीस.”

“असू दे. पुस्तक कुणी दिलं तुला?”

“औषधाच्या दुकानातल्यांनी. म्हणाले, वाचून झालं की तुमचं मत सांगा.”

“अगं वेडे, त्यांनी तुला मागणी घातलीय!”

“हळू बोल. आणि आईचं कोण करणार?”

“मी आहे की. इतकी वर्षं तू केलंस, आता माझ्याकडे राहील.”

“तिला नाही करमायचं तुझ्याकडे.”

“तिला विचारलंयस कधी?”

तेवढ्यात एका डोळ्यावर पट्टी बांधलेली आई नर्सचा हात धरून बाहेर आली.

“आतपर्यंत ऐकू येतंय तुमचं. रोज वाचून दाखवत होतीस ना मला? मला तर त्या आईचाच राग आला. एकदा तरी म्हणायचं पोरीला, जा बाई.”

“आई!”

“मी हिच्याबरोबर जाते. तू त्यांना भेटून ये.”

“आत्ता? या अवतारात?”

“काय झालंय अवताराला? एका डोळ्यानंसुद्धा छान दिसतेयस.”