गिळलेलं लोखंड

डोळ्यांत थेंब घालून शिंपीणबाईंना डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसवलं होतं. डोळे मिटून ठेवा, असं नर्सनं बजावलं होतं. कानांबद्दल ती काही बोलली नव्हती. शेजारच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची लेक बोलत होती.

"म्हणजे विश्वातले हे पहिले तारे तू पाहिलेच नाहीस?"

"कुणीच पाहिले नाहीत, बाबा. ते केव्हाच फुटून संपले."

"वा! नसलेल्या ताऱ्यांवर डॉक्टरेट! आणि उद्या लोक टाळ्या पिटणार."

"त्यांनी जे बाहेर टाकलं, त्यातून पुढचे तारे झाले. त्यातले काही म्हातारे अजून आहेत. त्यांच्या उजेडावरून आत काय काय आहे ते कळतं, आणि त्यावरून पहिला कसा होता तेही."

"मग कसा होता तो तुझा पहिला?"

"धड फुटलाच नाही. वरवरचा कार्बन तेवढा बाहेर टाकला. आतलं लोखंड स्वतःच गिळून बसला."

"कार्बन म्हणजे काजळीच ना?"

"काजळीच म्हणा."

"पोराच्या वाट्याला नुसती काजळी? कसला मेला हा बाप!"

लेकीनं पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला.

"गप्प का झालीस?"

"काही नाही. उद्या पदवीच्या समारंभाला येताय ना?"

"मी? छे! असली थेरं मला जमत नाहीत."

"ठाऊक आहे. शाळेपासून."

"मग विचारलंस कशाला?"

"आमच्या शास्त्रात एकदाच मोजून कुणी निकाल लावत नाही, बाबा. पुन्हा मोजून बघतात."