जर्मन इंजिनाचं पुस्तक

अरे, जर्मन मी कोणत्या क्लासात शिकणार? आमच्या साकोलीत तेव्हा टायपिंगशिवाय क्लास होता कशाचा? मी राईस मिलमध्ये फिटर होतो. इंजिन जुनं, जर्मन बनावटीचं, आणि त्याचं माहितीपुस्तकही जर्मनमध्ये. ते वाचता यावं म्हणून मी नागपूरच्या रद्दीतून जर्मन-इंग्रजी डिक्शनरी आणली आणि रोज घरी मोठ्यानं घोकू लागलो. उच्चार बरोबर की चूक, सांगणारं कोणीच नव्हतं. बायको घाबरून म्हणाली, "तुमच्यावर कोनं करनी तं नाई केली?"

दोन वर्षांनी ऐन धानाच्या हंगामात इंजिन बंद पडलं. बाहेर बैलगाड्यांची रांग. मिलचे शेठ म्हणाले, "काढ तुहं पुस्तक! एवढं शिकून राहिला होता, कायच्यासाठी?"

'इंजिन चालू होत नसल्यास' हे पान मला लगेच सापडलं. छाती फुगली. पण एकेक शब्द हातभर लांब! पहिलं वाक्य लावता लावता दुपार झाली. सगळे गाडीवाले भोवती जमले.

"काय लिहलं आहे?" शेठनी विचारलं.

मी घाम पुसला. "लिहलं आहे का, सगळ्यात पयले हे पुस्तक ध्यान देऊन वाचा."

कोणी हसलंही नाही. सानगडीचा एक म्हातारा शेतकरी उठला, टाकीचं झाकण काढून आत डोकावला आणि म्हणाला, "बाबू, हिच्यात डिझेल कुठी आहे?"

दुसरं वाक्य मी संध्याकाळी घरी लावलं. त्यात तेच विचारलं होतं.